हेपॅटायटिस सी च्या गोळ्या चालू केल्या की जुना हेपॅटायटिस बी जागा होतो म्हणतात, खरंय का?

राजाराम_पूल:

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच माफी.

बाबांचं वय ६३. हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं, त्याच्या आधीच्या रक्ततपासणीत एचसीव्ही (हेपॅटायटिस सी चा व्हायरस) पॉझिटिव्ह आलं आणि ऑपरेशन राहिलं बाजूला. मग आरएनए (व्हायरस आत्ता रक्तात आहे का ते बघणारी टेस्ट) केला, तोही पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी विचारलं कधी रक्त चढवलं होतं का, तर १९९२ ला कात्रज घाटात स्कूटरवरून पडले होते तेव्हा दोन बाटल्या चढवल्या होत्या, बहुतेक तिथूनच. इतकी वर्षं काही म्हणजे काही त्रास नाही, रोज पहाटे तळजाईला जाऊन येतात, माझ्यापेक्षा जास्त जिने चढतात. एसजीपीटी (लिव्हरची सूज दाखवणारा आकडा) ८४ आहे, फायब्रोस्कॅनमध्ये (लिव्हर किती कडक झालंय ते बघतात) सिरॉसिस नाही असं सांगितलं. सोफोसबुविर-वेलपाटासविर लिहून दिलंय, रोज एक गोळी, १२ आठवडे.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. गोळ्या चालू करायच्या आधी डॉक्टरांनी हेपॅटायटिस बी च्या पण टेस्ट करायला लावल्या. त्यात एचबीएसएजी निगेटिव्ह आणि अँटी-एचबीसी टोटल पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले जुना संसर्ग होऊन गेलेला दिसतोय, काळजी नको, लक्ष ठेवू, गोळ्या चालू करा. बाहेर चाळीस माणसं बसलेली, आम्हीपण मान हलवून आलो. घरी आल्यावर नाशिकच्या मामांनी व्हॉट्सअॅपवर काहीतरी पाठवलं की या गोळ्यांवर अमेरिकेत काळ्या चौकटीत वॉर्निंग आहे, सी मरतो पण बी उठून बसतो आणि लिव्हर फेल होऊन लोक दगावलेत. बाबांनी ते वाचलं आणि गोळ्यांचा डबा देवघराच्या कपाटात ठेवून दिला. म्हणतात मला काही होत नाहीये, कशाला झोपलेल्याला उठवायचं. आता आठवडा होत आला.

मला एवढंच कळून घ्यायचंय की ही वॉर्निंग खरी आहे की असंच फॉरवर्ड, बाबांच्या रिपोर्टवरून धोका किती, आणि गोळ्या पुढे ढकलणं शहाणपणाचं की वेडेपणाचं. बाकी बीपीची गोळी, शुगरच्या दोन, कोलेस्टेरॉलची एक आणि सकाळी उपाशीपोटी अॅसिडिटीची एक चालू आहे. सिंहगड रोडला राहतो, गरज पडली तर सेकंड ओपिनियनला कुठेही जायची तयारी आहे.

---

पानशेतवाला:

माझ्या मते थांबा. ३० वर्षं काही झालं नाही तर अजून सहा महिन्यांनी काय होणारे. आणि पुण्यात एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) असताना बाहेर कुठे फिरताय, तिथे जाऊन दोन्ही व्हायरसची तपासणी करून घ्या की, देशातले लोक तिथे सॅम्पल पाठवतात.

---

ओपीडीनंतर:

आधी सांगून टाकतो, मी फिजिशियन आहे, लिव्हरचा स्पेशालिस्ट नाही, आणि पेशंट न बघता इथे लिहितोय तेव्हा हे सगळं घेऊन परत तुमच्याच डॉक्टरांकडे जायचंय.

वॉर्निंग खरी आहे, मामांनी काही बनवून पाठवलेलं नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, हेपॅटायटिस सी च्या या सगळ्या नव्या गोळ्यांवर, म्हणजे ज्यांना आम्ही डीएए म्हणतो त्यांच्यावर, चौकटीतली वॉर्निंग टाकायला लावली. तोपर्यंतच्या साधारण अडीच वर्षांत त्यांच्याकडे बी परत जागा झाल्याच्या २४ केसेसची नोंद झाली होती, त्यात दोघे गेले आणि एकाला लिव्हर ट्रान्सप्लांट करावं लागलं. आता फॉरवर्डमध्ये काय सांगत नाहीत, तर त्याच काळात जगभरात लाखो लोक या गोळ्या घेऊन सी मधून बरे झाले. नोंद न झालेल्या केसेस असणारच, तरी प्रमाण डोळ्यासमोर ठेवा. आणि मुख्य म्हणजे त्या वॉर्निंगमध्ये 'गोळ्या देऊ नका' असं कुठेही नाहीये. 'चालू करण्याआधी प्रत्येकाची बी ची तपासणी करा आणि नंतर लक्ष ठेवा' एवढंच आहे. तुमच्या डॉक्टरांनी नेमकं तेच केलं, फक्त समजावून सांगायला वेळ मिळाला नाही, जे आमच्या ओपीडीचं रोजचं रडगाणं आहे.

आता हे का होतं. दोन्ही व्हायरस एकाच लिव्हरमध्ये असले की बहुतेकदा सी वरचढ असतो. एकाच खोलीत दोन भाडेकरू, एक दांडगा, दुसरा त्याच्या आवाजापुढे कोपऱ्यात गप्प, असं समजा. सी मुळे लिव्हरच्या पेशींमध्ये जी इंटरफेरॉनची, म्हणजे व्हायरसशी लढणारी यंत्रणा सतत जागी असते तिचा मार बी वर पण पडत असतो. नव्या गोळ्या सी ला काही आठवड्यांत साफ करतात पण बी ला त्या हातही लावत नाहीत. सी गेला, यंत्रणा शांत झाली, बी ला मोकळं रान. पूर्वी सी साठी इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचो, ती थोडीफार दोन्हीवर चालायची, त्यामुळे हा प्रकार तेव्हा इतका डोळ्यावर आला नाही. आणि नव्या गोळ्यांच्या सुरुवातीच्या ट्रायल्समध्ये बी असलेले पेशंट घेतलेच नव्हते, म्हणून औषध बाजारात आल्यावर हे कळलं.

अजून एक फरक लक्षात घ्या. सी हा आरएनए व्हायरस, पेशीत कायमचा अड्डा करत नाही, म्हणून तो पूर्ण बरा होतो. बी चं तसं नाही, तो बरा झालेला दिसला तरी पेशीच्या केंद्रकात त्याच्या डीएनएची एक गोल साठवण शिल्लक राहते. बाबांचं अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह याचा अर्थ एवढाच की कधीतरी बी येऊन गेला, बहुतेक त्यांना कळलंही नसेल. आपल्याकडे साठीच्या पुढच्या माणसांमध्ये हे नवल नाही, बी ची लस सगळीकडे सरकारी लसीकरणात यायला २०११ उजाडलं, आणि त्याआधी काचेच्या सिरिंज उकळून वापरायचा जमाना या पिढीने पूर्ण बघितलाय.

आता धोका कोणाला, हा खरा प्रश्न. एचबीएसएजी पॉझिटिव्ह असलेला माणूस, म्हणजे बी आत्ता अंगात आहे, हा खरा धोक्याचा गट. २०१८ मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून एक विश्लेषण आलं होतं, त्यात या गटात साधारण २४ टक्के लोकांमध्ये बी वाढलेला दिसला आणि ९ टक्क्यांच्या आसपास लोकांना त्यातून हेपॅटायटिस झाला. बाबांच्या गटात, म्हणजे एचबीएसएजी निगेटिव्ह पण अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह, व्हायरस हललेला दिसला साधारण १.४ टक्के लोकांमध्ये, आणि त्यातून हेपॅटायटिस झालेला त्या आकडेवारीत एकही नव्हता. शून्य धोका असं मी म्हणणार नाही, तुरळक केसेस नोंदल्या गेल्यात. पण या गटाला आधीपासून बी चं औषध देत नाहीत, लक्ष ठेवतात. युरोपच्या गाइडलाइन्समध्ये दर महिन्याला एसजीपीटी बघा असं आहे.

एसजीपीटी बघायची एक युक्ती सांगतो. सी च्या गोळ्या चालू झाल्या की एसजीपीटी पटापट खाली येतो, चौथ्या आठवड्यापर्यंत बहुतेकांचा नॉर्मलच्या जवळ असतो. तेव्हा तो खाली आलाच नाही, किंवा खाली येऊन परत वर चढायला लागला, तर थांबायचं नाही, लगेच एचबीएसएजी आणि एचबीव्ही डीएनए (रक्तातला बी चा व्हायरस मोजणारी टेस्ट) करायचा. वॉर्निंगमधल्या बहुतेक केसेस गोळ्या चालू केल्यापासून ४ ते ८ आठवड्यांत झाल्या होत्या, त्यामुळे तो काळ जास्त डोळसपणे काढायचा. आणि घरच्यांनी लक्ष ठेवायचं ते डोळे पिवळे, लघवी गडद चहासारखी, अन्नाची शिसारी, उलट्या, नेहमीपेक्षा वेगळा थकवा यावर. तळजाई चढणारा माणूस अचानक पर्वती पायथ्याशीच बसायला लागला तर फोन करायचा.

पानशेतवाल्यांना: तीस वर्षं काही झालं नाही हे बाहेरून. आतमध्ये एसजीपीटी ८४ आहे म्हणजे सूज चालू आहे, आणि सी मध्ये सिरॉसिस होईपर्यंत माणसाला बऱ्याचदा काहीच कळत नाही. आज सिरॉसिस नाहीये हीच औषध घ्यायची उत्तम वेळ. आणि एनआयव्ही ही संशोधनसंस्था आहे, तिने हेपॅटायटिसवर मोठं काम केलंय, पण या तपासण्यांना चांगली साधी लॅब पुरते.

---

पानशेतवाला:

बरं बाबा. एनआयव्हीचं माझं ऐकीव होतं.

---

सॅम्पल_कलेक्शन:

डॉक्टरसाहेबांनी सगळं लिहिलंच आहे, मी लॅबच्या बाजूने थोडं टाकते, तेरा वर्षं हेच काम करतेय.

एक म्हणजे एचबीएसएजी एकटा करून लोक मोकळे होतात. ऑपरेशनच्या आधीच्या पॅनेलमध्ये तोच असतो, तोसुद्धा बऱ्याच ठिकाणी कार्डवर, प्रेग्नन्सी टेस्टसारखी रेघ बघून. अँटी-एचबीसी बहुतेक पॅकेजमध्ये नसतोच, तो डॉक्टरांना चिठ्ठीवर वेगळा लिहावा लागतो, आणि लिहिताना 'टोटल' लिहायला पाहिजे. नुसतं 'अँटी-एचबीसी' लिहिलं की काउंटरवरचा मुलगा आयजीएम लावून टाकतो. आयजीएम ताज्या संसर्गात किंवा जुना परत उफाळला तर पॉझिटिव्ह येतो, जुना शांत संसर्ग त्यात दिसत नाही, निगेटिव्ह येतो आणि पेशंट म्हणतो माझा बी निगेटिव्ह आहे. तुमच्या रिपोर्टवर टोटल आहे, ते बरोबर झालंय.

दुसरं, अँटी-एचबीएस म्हणून एक अजून आहे, नाव इतकं सारखं की एचबीएसएजीशी गोंधळ होतो. हा आकड्यात येतो, १० च्या वर असेल तर संरक्षण देणाऱ्या अँटीबॉडीज आहेत. डॉक्टरांना विचारून करून घ्या, बाबांसारख्या केसमध्ये तो असेल तर थोडं अजून निर्धास्त वाटतं, पण आहे म्हणून महिन्याचा एसजीपीटी सोडायचा नाही.

तिसरं, चिठ्ठी हातात आली की वाचा. एचसीव्ही आरएनए आणि एचबीव्ही डीएनए, रोज कोणीतरी एकाच्या जागी दुसरं करून जातं, आणि दोन्ही महागाच्या टेस्ट. यातलं काहीच उपाशीपोटी लागत नाही, आजोबांना सकाळी चहाशिवाय रांगेत उभं करू नका. आणि दर महिन्याचा एसजीपीटी एकाच लॅबमधून करा, म्हणजे आकडा खरंच हललाय की मशीन वेगळं होतं हा वाद होत नाही.

आणि हे आत्ताच डायरीत लिहून ठेवा: सी बरा झाला तरी एचसीव्ही अँटीबॉडी बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह येत राहते. हर्नियाच्या ऑपरेशनला परत पॅनेल करतील, परत पॉझिटिव्ह येईल, परत सगळ्यांची पळापळ. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी जो आरएनए करतात त्याचा निगेटिव्ह रिपोर्ट लॅमिनेट करून फाइलच्या पहिल्या पानावर लावा.

---

निसर्गोपचार_प्रेमी:

या गोळ्यांच्या नादी लागण्यापेक्षा गुळवेल, भुईआवळा आणि पुनर्नवा याचा काढा सकाळ-संध्याकाळ द्या. आमच्या गावाकडे काविळीवर वैद्यबुवा एका खुराकात उतार पाडतात, रांग लागते. लिव्हर स्वतःच स्वतःला बरं करतं, त्याला फक्त मदत हवी.

---

ओपीडीनंतर:

काढ्यावर वाद घालायला रात्र कमी पडेल म्हणून थोडक्यात. वैद्यबुवांकडच्या बहुतेक काविळी ए आणि ई च्या असतात, पाण्यातून होणाऱ्या, त्या काही न देताही काही आठवड्यांत उतरतात, रांग लागणारच. जुना सी तसा बहुतेकदा उतरत नाही. आणि गुळवेलीबद्दल, लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्यात. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता हेही सांगतो, म्हणजे एकतर्फी वाटायला नको. पण राजाराम_पूल, तुमच्यापुरता मुद्दा वेगळाच आहे. या १२ आठवड्यांत एसजीपीटी हीच आपली घंटा आहे. मध्ये काढा चालू असेल आणि एसजीपीटी चढला तर बी उठला की काढा नडला हे शोधण्यात नको तितके दिवस जातील. म्हणून या काळात नवीन काहीही चालू करू नका, पावडरी, चूर्णं, जिमवाल्या पुतण्याचं प्रोटीन, काही नाही.

हो, आणि पावसाळ्यात गोळ्या चालू असतील तर पाणी उकळून. पुण्यात दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या भागात काविळीच्या बातम्या येतातच. नेमक्या सहाव्या आठवड्यात ए किंवा ई झाला तर डॉक्टरची आणि तुमची दोघांची झोप जाईल, आणि आधीच सूज असलेल्या लिव्हरला तो जडही जातो.

---

कर्वेनगरची_मृणाल:

आमच्या घरात याची दुसरी बाजू झाली म्हणून लिहिते. आईला सी आणि बी दोन्ही, एचबीएसएजी चक्क पॉझिटिव्ह. बी चा डीएनए कमी होता, म्हणजे बी साठी एरवी औषध चालू केलं नसतं असं गॅस्ट्रोवाल्या डॉक्टर म्हणाल्या, पण सी च्या गोळ्या द्यायच्या म्हणून बी चं औषध आधी चालू केलं आणि मग सी चं. टेनोफोविर होतं. सी च्या गोळ्या संपल्या, आम्हाला वाटलं सुटलो, तर म्हणाल्या टेनोफोविर अजून निदान १२ आठवडे चालू ठेवायचं आणि मी सांगेपर्यंत बंद करायचं नाही.

हे मी मुद्दाम लिहितेय कारण वेटिंग रूममध्ये एक काका भेटले होते त्यांनी सी बरा झाल्यावर दोन्ही औषधं एकदम सोडली, कोणाला न विचारता, आणि बी तेव्हा उठला. म्हणजे सी च्या गोळ्या चालू असताना नाही, बी ची गोळी अचानक सोडल्यामुळे. ते बरे आहेत आता, पण अॅडमिट होते. बी ची गोळी घेणाऱ्या कोणीही ती मनाने सोडायची नाही, हे कुठल्याही फॉरवर्डमध्ये येत नाही.

आईची दर महिन्याला क्रिएटिनिन पण करायचो, कारण वेलपाटासविरबरोबर टेनोफोविरचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि ते किडनीला जड जाऊ शकतं. ज्यांची किडनी आधीच नाजूक त्यांना एन्टेकाविर किंवा टेनोफोविरचाच दुसरा प्रकार देतात म्हणे, ते डॉक्टर ठरवतात.

राजाराम_पूल दादा, तुमच्या बाबांना हे काही लागणार नाहीये, त्यांचा एचबीएसएजी निगेटिव्ह आहे. पण बाबांची भीती मला कळते. आईनेपण डबा लपवला होता, पिठाच्या डब्यामागे.

---

केमिस्ट_टिळकरोड:

बी वर सगळे बोलले. पण धाग्यात एक ओळ वाचून मी उठून बसलो, 'सकाळी उपाशीपोटी अॅसिडिटीची एक'. ती पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोलपैकी असणार, पुण्यात साठीच्या वर ती न घेणारा माणूस मला अजून दुकानात भेटायचाय. वेलपाटासविरला पोटात आम्ल लागतं, आम्ल कमी केलं की ते नीट शोषलंच जात नाही. म्हणजे बाबा १२ आठवडे इमानदारीत गोळी घेणार आणि अर्धं औषध अंगाला लागणारच नाही. डॉक्टरांना विचारून ती बंद करता आली तर उत्तम, नाहीच तर कुठली, किती मिलीग्रॅम आणि किती तासांच्या अंतराने हे त्यांच्याकडून लिहून घ्या. पातळ अँटासिड घेत असतील तर ते आणि ही गोळी यात चार तासांचं अंतर.

कोलेस्टेरॉलची कुठली आहे तेपण दाखवा. अॅटोरवास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन दोन्हीचं प्रमाण याच्याबरोबर वाढतं, स्नायू दुखू शकतात, कधी डोस कमी करावा लागतो. शुगरच्या दोन गोळ्यांत ग्लिमेपिराइड असेल तर घरी ग्लुकोमीटर ठेवा, सी जायला लागला की बऱ्याच जणांची शुगर सुधारते आणि मग त्याच डोसवर ती जास्तच खाली जाते, घाम, थरथर. हे चांगलं लक्षण पण हातात साखर असू द्या.

हृदयाचे ठोके नीट ठेवायला अमिओडॅरोन घेणारे कोणी वाचत असतील तर सोफोसबुविर चालू करण्याआधी ते डॉक्टरांना ओरडून सांगा, ठोके धोकादायकरीत्या मंदावतात, यावरही २०१५ ला एफडीएने वेगळा इशारा दिला होता. टीबीची रिफाम्पिसिन, फिटची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, या सी च्या औषधाचा असर मारून टाकतात. लोक बी ला घाबरून डबा कपाटात ठेवतात आणि रोजची अॅसिडिटीची गोळी तशीच चालू ठेवतात. माझ्या काउंटरवरून बघितलं तर तुमच्या बाबांच्या केसमध्ये उपचार फुकट जायची शक्यता बी पेक्षा त्या गोळीतून जास्त आहे.

---

पेठेतला_पक्या:

केमिस्टकाकांना +१. वाचनखूण साठवली.

अवांतर: खर्च जड जात असेल तर २८ जुलै २०१८ पासून केंद्राचा राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम चालू आहे, त्यात बी आणि सी दोन्हीच्या तपासण्या आणि औषधं फुकट आहेत. ससून हॉस्पिटलला जाऊन चौकशी करा. सिरॉसिस नसलेल्यांना त्यात सोफोसबुविरबरोबर बहुतेकदा डॅक्लाटासविर देतात, नाव वेगळं दिसलं म्हणून घाबरू नका.

---

राजाराम_पूल:

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कोणी समोर बसूनही सांगितलं नव्हतं. काल धागा प्रिंट काढून बाबांसमोर ठेवला. ओपीडीनंतर यांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचला, काढ्याचा एकदा, आणि म्हणाले डॉक्टरकडे चल, पण या वेळी प्रश्न मी विचारणार.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं, कागद बघून हसले. अँटी-एचबीएस केला, ४६ आला. बाबांच्या समाधानासाठी एचबीव्ही डीएनए पण केला, डिटेक्ट झाला नाही. अॅसिडिटीची गोळी बंद केली, ती मुळात चार वर्षांपूर्वी दहा दिवसांसाठी लिहून दिली होती असं जुन्या फाइलमध्ये निघालं. स्टॅटिन अर्धा केला. सोमवारपासून गोळ्या चालू झाल्यात. पहिला एसजीपीटी चौथ्या आठवड्यात, मग आठव्या आणि बाराव्या, आणि संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए बरोबर परत एकदा.

एकच राहिलं. आईचं आणि आमचं काय? आई म्हणते एवढी वर्षं एका घरात, मला व्हायचं असतं तर झालं असतं, मी सुई टोचून घेणार नाही. मीपण लहानपणी बी ची लस घेतली की नाही कोणालाच आठवत नाही.

---

सॅम्पल_कलेक्शन:

आईंची एकदा अँटी-एचसीव्ही, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी टोटल करून घ्या. सी नवराबायकोत सहज जात नाही पण बी जातो, आणि बाबांना तो कधी होऊन गेला हे माहीत नाही. तुमचंही तेच, जोडीला अँटी-एचबीएस. सगळं निगेटिव्ह आलं तर बी ची लस, आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी असे तीन डोस. अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह आलं तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय लस टोचायची घाई करू नका. बाबांची दाढीची ब्लेड आणि नेलकटर वेगळं ठेवा, ताट-वाटी वेगळी करायची अजिबात गरज नाही, एकत्र जेवा.

आणि आईंना सांगा, तिन्ही टेस्ट एकाच सुईत होतात. घरी येऊन सॅम्पल नेणारी लॅब सिंहगड रोडला मिळेल.

---

राजाराम_पूल:

एकाच सुईत म्हटल्यावर तयार झाली. शनिवारी सकाळी बोलावलंय, चहा झाल्यावर. रिपोर्ट आले की इथेच टाकतो.